भूमध्य सागरातली क्रूझ: किनाऱ्यावरचे दिवस कसे आखावेत?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकहून तुम्ही पाच जण निघताय: तुम्ही दोघं, ९ वर्षांची लेक, ७२ वर्षांचे सासरे आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात. जूनमध्ये बार्सिलोनाहून सात रात्रींची क्रूझ आहे आणि वाटेत मार्सेलिस, जेनोवा, लिव्होर्नो, चिविताव्हेकिया आणि नेपल्स अशी पाच बंदरं आहेत. क्रूझ कंपनीने पाठवलेली शोअर एक्स्कर्शनची, म्हणजे बंदरावर उतरून करायच्या टूरची, यादी पाहिली, पाच माणसांचा पाच दिवसांचा हिशोब केला आणि तो क्रूझच्या तिकिटाच्या जवळ जायला लागला. म्हणून तुम्ही विचारताय की टूर जहाजाच्याच घ्याव्यात, की ट्रेन-बसने आपलं आपण फिरावं.

कुटुंबांसाठी अशा सहली आखून देणं हाच माझा व्यवसाय आहे आणि हा प्रश्न मला प्रत्येक हंगामात येतो. माझं उत्तर असं की 'जहाजाची की आपली' हे शेवटी ठरवायचं. त्याआधी दोन गोष्टी बघायच्या. त्या बंदरावर तुमच्या हातात खरोखर किती तास आहेत, आणि पाच जणांत सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाला ते तास कसे जातील. या दोन्हींची उत्तरं मिळाली की कुठे पैसे मोजायचे आणि कुठे मोजायची गरज नाही, हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

यादीत 'रोम' आणि 'फ्लॉरेन्स' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, पण जहाज रोमला लागत नाही. ते चिविताव्हेकियाला लागतं आणि तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर आहे. फ्लॉरेन्ससाठी जहाज लिव्होर्नोला थांबतं, तिथून फ्लॉरेन्स साधारण ९० किलोमीटर. याउलट नेपल्स आणि जेनोवाला तुम्ही जहाजातून उतरता ते थेट गावातच. मार्सेलिसचा क्रूझ धक्का शहराच्या उत्तरेला, जुन्या बंदरापासून आठ-दहा किलोमीटरवर आहे. म्हणजे पाचही दिवसांना एकच नियम लावता येत नाही.

आता तास कसे मोजायचे ते रोमच्या दिवसावर दाखवते, कारण सगळ्यात जास्त घोळ याच दिवशी होतो. तुमच्या वेळापत्रकात जहाज सकाळी ७ ला लागतं आणि संध्याकाळी ७ ला सुटतं. बारा तास आहेत असं वाटतं. पण हिशोब शेवटाकडून सुरू करा. 'ऑल अबोर्ड'ची, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतलेलं असायची, वेळ बहुतेक सुटण्याआधी अर्धा तास असते, म्हणजे साडेसहा. त्याआधी किमान दीड तास तुम्ही चिविताव्हेकिया गावात परत आलेले हवेत, म्हणजे पाच. रोमहून गाडीला तासभर, काही गाड्यांना त्याहून जास्त लागतो. म्हणजे साडेतीन-पावणेचारला तुम्ही रोममधल्या फलाटावर उभे पाहिजेत. आता सकाळकडे या. सातला जहाज लागलं तरी बंदराची परवानगी, लिफ्टच्या रांगा आणि गँगवेवरची (जहाजातून उतरायच्या पुलावरची) गर्दी यात पावणेआठ होतात. मग बंदराची शटल बस लार्गो देल्ला पाचे या थांब्यापर्यंत, तिथून स्टेशनची बस, मग तिकीट आणि गाडी. रोममध्ये पाऊल ठेवायला साडेनऊ-दहा वाजतात. म्हणजे हातात राहिले साडेपाच तास, आणि त्यातच जेवण, स्वच्छतागृह आणि सुरक्षा तपासणीच्या रांगा.

साडेपाच तासांत रोमची एकच बाजू नीट बघून होते. एक तर व्हॅटिकनची: म्युझियम, सिस्टिन चॅपल आणि सेंट पीटर्स. नाही तर जुन्या रोमची: कलोसियम, वरून फोरमवर (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या अवशेषांवर) एक नजर आणि नंतर टॅक्सीने पँथिऑन आणि त्रेव्ही कारंजं. दोन्ही बाजू एका दिवसात दाखवतो म्हणणाऱ्या टूर आहेत. त्यात बराचसा वेळ बसच्या काचेतून बघण्यात जातो आणि सासूबाई दुपारी एकलाच थकलेल्या असतील. तुमच्याबरोबर ९ वर्षांची मुलगी आहे, म्हणून मी जुनं रोम निवडेन. कलोसियममध्ये वरच्या मजल्यावर जायला लिफ्ट आहे. फोरमची जमीन फार खडबडीत आहे, तिथे सासूबाईंना उतरवू नका. कलोसियमची तिकिटं नावानिशी आणि ठरलेल्या वेळेची असतात आणि साधारण महिनाभर आधी अधिकृत संकेतस्थळावर खुली होतात. ती तारीख आजच कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. वेळ साडेदहाच्या आधीची घेऊ नका.

आणि हो, वार बघा. व्हॅटिकन म्युझियम महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतं. बुधवारी सकाळी पोप रोममध्ये असतील तर चौकात त्यांची जाहीर भेट असते आणि सेंट पीटर्समध्ये त्या वेळी सहसा जाता येत नाही. फ्लॉरेन्सची उफ्फिझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद. लोक सहा-सहा महिने तयारी करतात आणि हे बघायचं राहून जातं.

आता जहाजाच्या टूरमध्ये तुम्ही नेमकं काय विकत घेता ते सांगते. गाइड, बस, तिकीट हे तर आहेच, पण खरी किंमत एका हमीची असते: जहाजाची स्वतःची टूर उशिरा परतली तर जहाज थांबतं, किंवा तुम्हाला पुढच्या बंदरावर पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. तुम्ही आपले आपण गेलात आणि उशीर झाला तर जहाज निघून जातं. मग क्रूझ कंपनीच्या बंदरातल्या एजंटला गाठून पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठायचं. ही हमी ८० किलोमीटर लांबच्या शहरासाठी फार मोलाची आहे आणि धक्क्यापासून दहा मिनिटांवरच्या चौकासाठी तिचा काहीच उपयोग नाही. माझी सगळी आखणी या एका फरकावर उभी असते.

म्हणून रोमच्या दिवशी मी जहाजाकडूनच घ्यायला सांगेन, पण गाइडवाली महागडी पूर्ण दिवसाची टूर नको. यादीत खाली कुठेतरी 'रोम ऑन युअर ओन' अशा नावाची फक्त ने-आण करणारी बस असते. ती सकाळी रोमला सोडते आणि दुपारी ठरलेल्या जागेवरून परत आणते. मधला वेळ तुमचा. गाइडवाल्या टूरपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि उशिराची हमी तीच. ट्रेन अर्थातच त्याहून स्वस्त आहे, साध्या गाडीचं तिकीट माणशी पाच युरोच्या आसपास. नुसती तरुण जोडपी विचारतात तेव्हा मी ट्रेनच सुचवते. पण इटलीत संप होतात. इटालियनमध्ये त्याला 'शोपेरो' म्हणतात आणि तारीख आधी जाहीर होते. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात. गंमत म्हणजे सकाळी तुम्ही रोमला आरामात पोचाल आणि दुपारी परतीची गाडीच नसेल, कारण संध्याकाळच्या गाड्या सुरू होईपर्यंत तुमच्या जहाजाची वेळ झालेली असते. पाच जण, त्यात दोन ज्येष्ठ, अशा वेळी हा धोका घेऊ नये.

लिव्होर्नोचा दिवस रोमच्या आदल्याच दिवशी आहे, हे तुमच्या वेळापत्रकातलं सगळ्यात महत्त्वाचं. फ्लॉरेन्स आणि रोम पाठोपाठ केलेत तर दोन दिवसांत सहा-सात तास निव्वळ प्रवासात जातील आणि नेपल्स उजाडेपर्यंत घरात कुणी कुणाशी बोलत नसेल. दोन्हींतलं एकच निवडा. तुम्हाला चित्रकलेचं मनापासून वेड असेल, बोत्तिचेल्लीची चित्रं प्रत्यक्ष बघायचीच असतील, तर फ्लॉरेन्स करा आणि रोमच्या दिवशी जवळपास थांबा. तसं नसेल तर लिव्होर्नोहून पिसा आणि लुक्का करा. पिसा अर्ध्या तासावर आहे. तिथल्या झुकत्या मनोऱ्यावर ८ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, तुमची लेक ९ची आहे, तेव्हा बाबांबरोबर तिला वर जाता येईल. तिकीट वेळेचं असतं, पिशव्या खाली जमा कराव्या लागतात. सासू-सासऱ्यांनी तोवर हिरवळीच्या कडेला सावली बघून बसावं. लुक्काचं वैशिष्ट्य म्हणजे गावाभोवतीचा अखंड तट. त्याच्या माथ्यावर झाडांची रांग असलेला चार किलोमीटरचा सपाट रस्ता आहे, भाड्याच्या सायकली मिळतात आणि चालायला एकही पायरी नाही (तटावर चढायच्या उतारापुरतेच कष्ट). दुखऱ्या गुडघ्यांसाठी तस्कनीत, म्हणजे या सगळ्या प्रांतात, याहून सोयीची जागा मला माहीत नाही.

इथे मी जहाजाची टूर घेणार नाही, चालकासह व्हॅन घेईन. जहाजाची टूर माणशी आकारली जाते आणि व्हॅन गाडीमागे. दोघं असाल तर व्हॅन महाग, पण पाच जणांत हिशोब बहुतेक वेळा बरोबरीचा किंवा बरा निघतो, आणि सासूबाईंना हवं तिथे थांबता येतं. अंतर कमी असल्याने उशिराचा धोकाही कमी. मात्र बुक करताना दोन गोष्टी लेखी मागा: वादळामुळे जहाजाने ते बंदरच गाळलं तर पैसे परत मिळतील का, आणि जहाज उशिरा लागलं तर चालक थांबेल का. चांगले व्यावसायिक दोन्हींना हो म्हणतात. जो गुळमुळीत उत्तर देतो त्याला पैसे पाठवू नका.

नेपल्सबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण इथे तुमचं कुटुंब दोन गटांत विभागायचा सल्ला मी देणार आहे.

पाँपेई बघायलाच हवं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडलं गेलेलं अख्खं शहर. घरं, बेकऱ्या, खानावळी आपल्या जागी उभ्या आहेत. पण तिथले रस्ते काय आहेत हे फोटोत कळत नाही. काळ्या बसाल्टचे मोठे, घासून गुळगुळीत झालेले, एकसारखे न बसवलेले दगड. मधूनमधून रथाच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या. पदपथ रस्त्यापेक्षा वीतभर, कुठे हातभर उंच, आणि रस्ता ओलांडायला मध्ये ठेवलेले तीन-चार उंच दगड, ज्यांच्यावरून पाय टाकत जायचं. लेकीला याची फार मजा वाटेल. सासूबाईंना दर वीस पावलांवर कुणाचा तरी हात लागेल. जूनमध्ये डोक्यावर सावली नाही. अम्फीथिएटरच्या बाजूच्या दारातून जाणारा तीनेक किलोमीटरचा एक सुलभ मार्ग तयार केलेला आहे, पण सुलभ म्हणजे सोपा नव्हे.

म्हणून तुम्ही दोघं आणि लेक पाँपेईला जा. २०२४ च्या नोव्हेंबरपासून तिथे दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटं नावानिशी असतात, तेव्हा ती आधी काढा आणि पासपोर्टची छायाप्रत जवळ ठेवा. चिर्कुमव्हेसुव्हियाना ही उपनगरी गाडी चाळीसेक मिनिटांत 'पाँपेई स्कावी' स्टेशनवर, थेट दारासमोर सोडते. गाडी जुनी, गर्दीची आणि उकाड्याची आहे. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्याला काही वाटणार नाही, फक्त खिसे सांभाळा. सकाळी लवकर जा, एकपर्यंत बाहेर पडा.

सासू-सासऱ्यांना त्या वेळात नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात पाठवा. धक्क्यावरून टॅक्सीने थोडक्यात पोचता येतं, आत बसायला जागा आहेत, आणि पाँपेईत सापडलेली उत्तमोत्तम भित्तिचित्रं आणि मोझेक इथेच आणून ठेवलेली आहेत. शिवाय एक वस्तू अशी आहे की ती मराठी माणसाने बघितलीच पाहिजे. १९३८ साली पाँपेईच्या एका घरात हस्तिदंताची साधारण वीतभर उंचीची स्त्रीमूर्ती सापडली: अंगावर दागिने, दोन्ही बाजूंना छोट्या दासी, घडण अस्सल भारतीय. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, आता अभ्यासक यक्षी मानतात. अगदी याच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालन्यातल्या भोकरदनला सापडल्या आहेत, त्यामुळे पाँपेईची ही बाई दख्खनमधूनच गेली असावी असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. तेर म्हणजे ग्रीक खलाशांच्या वर्णनातलं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी मराठवाड्यातून निघालेला माल पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून रोमन जगात जात होता, याचा तो हातात धरण्याएवढा पुरावा आहे. मी ज्येष्ठांना तिथे पाठवते तेव्हा बहुतेकांचा संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर हाच विषय असतो. दारात विचारून घ्या की ती मूर्ती ज्या दालनात आहे ते त्या दिवशी खुलं आहे ना, कारण दालनं आलटून पालटून बंद ठेवतात. आणि संग्रहालय मंगळवारी बंद असतं.

नेपल्सहून काप्रीला जायचा मोह होईल. बोटी जहाजाच्या शेजारूनच सुटतात. पण समुद्र खवळला की त्या बंद होतात आणि तुम्ही बेटावर अडकता. जहाज पकडायचं असलेल्याने काप्री जहाजाच्या टूरनेच करावं, नाहीतर दुसऱ्या सहलीसाठी ठेवावं.

मार्सेलिसला टूर नको. जहाजाची किंवा बंदराची शटल जुन्या बंदरापाशी सोडते. तिथून पर्यटकांची छोटी रबरी चाकांची गाडी नोत्र-दाम दे ला गार्द या चर्चच्या टेकडीवर नेते, त्यामुळे चढ टळतो आणि वरून सगळं शहर आणि समुद्र दिसतो. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी 'मोरिया' बोटीच्या पोर्टहोलमधून उडी टाकली ते हेच बंदर. सासऱ्यांनी त्याविषयी खास विचारलंय असं तुम्ही लिहिलंय. नेमकी जागा शोधत बंदरभर हिंडू नका, गोदीचा बराचसा भाग प्रवाशांना बंदच असतो. त्यापेक्षा जहाज सकाळी आत शिरताना तासभर आधी त्यांना वरच्या डेकवर घेऊन जा. पाणी, धक्के, लाटरोधक भिंती सगळं समोर उलगडतं आणि सावरकर पोहून गेले ते अंतर काय असेल याची कल्पना येते. वेळ आणि उत्साह असेल तर शहराच्या दक्षिणेला माझार्गची युद्ध दफनभूमी आहे. पहिल्या महायुद्धात १९१४ च्या शरद ऋतूत भारतीय सैनिक फ्रान्समध्ये उतरले ते मार्सेलिसलाच, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या स्मृती तिथे जपलेल्या आहेत. टॅक्सीने जाऊन या.

जेनोवाला काहीच बुक करू नका. जहाजातून उतरा, पोर्तो आन्तिको या जुन्या बंदरातल्या मत्स्यालयात लेकीला न्या, जुन्या गल्ल्यांतून सावकाश हिंडा. तुम्ही शाकाहारी आहात म्हणून एक खास: इथे फारिनाता मिळतो. चण्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं; आपल्या बेसनाच्या धिरड्याचाच जाड, खरपूस भाऊ. सासूबाई आवडीने खातील. कांदा किंवा छोटे मासे घातलेला प्रकारही असतो, तेव्हा साधा मागा. इटलीत चीजबाबत कडक असाल तर लक्षात ठेवा, पार्मेजान वासराच्या जठरातल्या द्रव्याने विरजतात आणि पेस्तो या हिरव्या चटणीतही ते असतं. 'पिझ्झा मारिनारा' मागितलात तर त्यात चीज नसतं, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो.

म्हणजे तुमच्यापुरतं असं ठरतं: रोमला जहाजाची ने-आण बस, पिसा-लुक्काला व्हॅन, बाकी तिन्ही ठिकाणी आपलं आपण. यादीतल्या पूर्ण टूर घेण्याच्या तुलनेत खर्च चांगलाच उतरेल.

पण तुमच्या जागी दोन तिशीतली माणसं असती तर मी रोमला ट्रेन सांगितली असती. एखादे आजोबा व्हीलचेअरवर असते तर लिव्होर्नोलाही जहाजाची सुलभ टूर घ्यायला लावली असती. आणि मार्ग ग्रीसचा असता तर हिशोबच वेगळा. सांतोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटींतून उतरवतात, आणि त्यात पहिला नंबर जहाजाच्या टूरवाल्यांचा लागतो. वर जायला केबल कारची लांब रांग, नाहीतर पाचशेच्या वर पायऱ्या. शिवाय ग्रीसची वेळ इटलीच्या एक तास पुढे. जहाजाचं घड्याळ आणि मोबाइलचं घड्याळ वेगळं दाखवायला लागलं की माणसं चुकतात. तुमच्या मार्गावर स्पेन, फ्रान्स, इटली तिन्हींची वेळ एकच असल्याने हा त्रास नाही. तिन्ही देश शेंगेनमधलेच, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय गटातलेच आहेत, पण या गटाबाहेरचे तुर्कस्तान किंवा ट्युनिशिया वाटेत असणाऱ्यांनी मल्टिपल एंट्री व्हिसाच मागावा.

बार्सिलोनाला क्रूझच्या दिवशीच विमानाने उतरू नका. दोन रात्री आधी पोचा. विमानाला उशीर होतो, बॅगा मागे राहतात, आणि जहाज त्यांच्यासाठी थांबत नाही. सग्रादा फामिलियाची तिकिटं वेळेची असतात आणि ऑनलाइनच काढावी लागतात, तीही आता काढून ठेवा. दररोज जहाजातून उतरताना प्रत्येकाच्या खिशात क्रूझ कार्ड, पासपोर्टची छायाप्रत आणि बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असावा. तो रोजच्या छापील पत्रकावर दिलेला असतो. सासू-सासऱ्यांच्या खिशातही वेगळा ठेवा, कारण नेपल्सला ते तुमच्याबरोबर नसतील.

तुमच्या पाच बंदरांचे वार तुम्ही लिहिलेले नाहीत. लिव्होर्नो सोमवारी येतंय का आणि नेपल्स मंगळवारी येतंय का, एवढं कळवा. नेपल्स मंगळवारी असेल तर सासू-सासऱ्यांचा दिवस मला वेगळा बसवून द्यावा लागेल.